डोंगराची उंची नव्हे, दवाखान्याचे अंतर मोजा

पावसाळा सुरू झाला की आपल्या भागातील माणसांचे पाय पश्चिमेकडे वळू लागतात. निरगुडसर, अवसरी, पारगाव या उसाच्या पट्ट्यातील मंडळी पेरण्या-लावण्या आटोपून भीमाशंकरच्या दर्शनाला निघतात. जुन्नरकडे शिवनेरी, लेण्याद्री, ओझर आणि नाणेघाट आहे, पुढे माळशेजचे धबधबे आहेत. आंबेगावात डिंभ्याचा जलाशय आणि आहुप्याचे कडे आहेत. पुण्या-मुंबईचे पाहुणेही याच दिवसांत येतात आणि 'आम्हाला डोंगर दाखवा' म्हणून हट्ट धरतात. घरातील आजी-आजोबांपासून कडेवरच्या बाळापर्यंत सगळे एकाच जीपमध्ये बसतात आणि सहल सुरू होते.

ही सहल जरूर करावी. मोकळी हवा, पायी चालणे आणि चार माणसांची सोबत यांनी शरीराला आणि मनाला फायदाच होतो. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आपले डोंगर हिमालयासारखे उंच नाहीत, म्हणून आपण त्यांना सोपे समजतो. पण येथे धोका उंचीपेक्षा अंतराचा असतो. मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. घोडेगाव, जुन्नर, नारायणगाव येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. त्यापलीकडे तळेघर, आपटाळे, मढ अशा गावांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांचाच आधार. भीमाशंकर मंचरपासून साठ किलोमीटरच्या आसपास आहे. वाट वळणांची, पावसात धुके आणि बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नाही. गावात असताना अर्ध्या तासात ज्या दुखण्यावर इलाज सुरू झाला असता, त्याच दुखण्याला तेथे दोन-तीन तास लागू शकतात. म्हणून पश्चिमेला निघताना प्रत्येकाने मनाशी दोन प्रश्न विचारावेत. मी जेथे चाललो आहे तेथून जवळचा दवाखाना किती वेळावर आहे? आणि तेवढा वेळ मी निभावून नेऊ शकेन अशी तयारी माझ्याजवळ आहे काय? आजचा लेख या दोन प्रश्नांच्या आधाराने वाचावा.

दम लागला तर दोष हवेला देऊ नका

शिवनेरी चढताना एखाद्याला दम लागला की सोबतची माणसे म्हणतात, "उंचावर हवा विरळ असते, होतंच असं." ही समजूत चुकीची आहे. शिवनेरी समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार फूट उंच आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही साधारण ५,४०० फूट. विरळ हवेचा त्रास सहसा आठ हजार फुटांच्या वर गेल्यावर सुरू होतो. याचा अर्थ असा की, आपल्या सह्याद्रीत कोणालाही 'विरळ हवेमुळे' दम लागत नाही. दम लागतो तो एकतर सवय नसल्यामुळे, किंवा रक्त कमी असल्यामुळे, किंवा दमा-बिडीने फुफ्फुसे कमजोर झाल्यामुळे, किंवा हृदयाच्या विकारामुळे.

यातील पहिले कारण असेल तर पाच-दहा मिनिटे बसले की श्वास जागेवर येतो. पण बसूनही दम कमी होत नसेल, छातीत दाबल्यासारखे किंवा आवळल्यासारखे वाटत असेल, दुखणे डाव्या हातात, खांद्यात, पाठीत किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम फुटत असेल, मळमळत असेल, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहाच्या रुग्णांमध्ये छातीत न दुखताही, नुसता थकवा, घाम व मळमळ एवढ्यावरच झटका येऊ शकतो. त्याला 'पित्त झाले' म्हणून सोडा-लिंबू देत बसणे म्हणजे मोलाचा वेळ घालविणे होय.

अशा माणसाला तेथेच बसवावे. कपडे सैल करावेत. 'अजून थोडंच राहिलंय' म्हणून वर नेऊ नये आणि हाताला धरून चालवत खालीही आणू नये. डोली, खुर्ची किंवा माणसांच्या हातांवर उतरवावे. ॲस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची एक गोळी चावून खाण्यास द्यावी. मात्र या गोळीची ॲलर्जी, पोटात अल्सर, रक्तस्रावाचा त्रास किंवा रक्त पातळ करण्याचे औषध चालू असल्यास देऊ नये. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवण्याची गोळी पूर्वी लिहून दिली असेल तर ती वापरावी. दुसऱ्याची वापरू नये.

चढण किती झेपते हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. चढता चढता सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर चाल योग्य आहे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर चाल कमी करावी. शब्दच फुटत नसेल तर बसावे.

येथे ठिकाणाठिकाणांतील फरकही लक्षात घ्यावा. लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनासाठी सुमारे तीनशे पायऱ्या आहेत. आधी चढ आणि मग उतार. दम लागला तर अर्ध्यातून माघारी फिरता येते. भीमाशंकरला मात्र उलट आहे. दर्शनाला जाताना पायऱ्या उतरायच्या आणि रांगेत ताटकळून, दमून-भागून परतताना चढायच्या. उतरताना कोणालाच काही वाटत नाही, आणि खाली गेल्यावर माघारीचा सोपा रस्ता उरत नाही. ज्यांना हृदयविकार, दमा किंवा गुडघेदुखी आहे त्यांनी हा विचार वरच्या पायरीवरच करावा. डोली करावी लागली तर त्यात कमीपणा मानू नये.

निघण्यापूर्वी तपासून घ्या

चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि ज्यांना रक्तदाब वा मधुमेह आहे त्यांनी सहलीच्या आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांकडून रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका आला असेल, हृदयाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा जिना चढतानाच छातीत दुखत असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय गड चढू नये. गरोदर स्त्रियांनीही घाटातील लांबचा प्रवास डॉक्टरांना विचारूनच ठरवावा. शेवटच्या महिन्यांत तर दवाखान्यापासून दोन तास दूर जाणे टाळावे हेच बरे.

सवय नसलेल्यांनी पंधरा दिवस आधीपासून रोज अर्धा तास भरभर चालण्याचा सराव करावा. नवे बूट सहलीच्या दिवशी प्रथम घालू नयेत, फोड येतात. चपला आणि गुळगुळीत तळव्याचे बूट ओल्या कातळावर घसरतात. तळव्याला खाचा असलेले, घोट्याला धरणारे बूट उत्तम. गुडघे चढताना कमी आणि उतरताना जास्त दुखतात, म्हणून उतरताना हातात काठी असावी.

दर्शन सुरू आहे काय, गड खुला आहे काय, रस्त्यावर काम किंवा दरड आहे काय, याची चौकशी आदल्या दिवशी करावी. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन काही धबधब्यांवर व कड्यांवर जाण्यास बंदी घालते. ती मोडून आडवाटेने गेलेल्या माणसाला काही झाले तर शोधायलाही कोणी लवकर पोहोचत नाही.

घाटातील 'गाडी लागणे'

वळणावळणाच्या रस्त्यावर अनेकांना, विशेषतः मुलांना व स्त्रियांना गाडी लागते. कानातील तोल सांभाळणारा भाग 'आपण हलतो आहोत' असे सांगतो आणि गाडीतल्या वस्तूंवर खिळलेले डोळे 'आपण स्थिर आहोत' असे सांगतात. या दोन निरोपांतील गोंधळामुळे मळमळ होते. म्हणून ज्याला गाडी लागते त्याने पुढच्या बाजूला बसावे, खिडकी उघडी ठेवावी आणि दूरच्या डोंगराकडे नजर ठेवावी. मोबाईल किंवा वर्तमानपत्र वाचू नये. हा लेखही घरीच वाचून निघावे. उपाशीपोटी निघू नये आणि मिसळ-वडे चापूनही निघू नये. हलका नाश्ता पुरे. उलटीची गोळी घ्यायची तर ती गाडीत बसण्यापूर्वी अर्धा ते एक तास आधी घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून गाडी चालविणाऱ्याने त्या मुळीच घेऊ नयेत. लहान मुलांना डॉक्टरांना विचारूनच द्याव्यात.

उपवास, औषधे आणि तहान

श्रावणी सोमवारी भीमाशंकरला आणि चतुर्थीला लेण्याद्री-ओझरला जाणारे अनेक भाविक उपवास करून निघतात. निरोगी माणसाला एक दिवसाचा उपवास बाधत नाही. पण मधुमेहाचे रुग्ण सकाळी गोळी किंवा इन्सुलिन घेतात, पोट रिकामे ठेवतात आणि वर शेकडो पायऱ्या चढतात. गोळीने साखर उतरते, चढण्यानेही उतरते, आणि पोटात काहीच नसते. मग हातपाय कापू लागतात, घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस चिडचिड करतो किंवा असंबद्ध बोलतो. गर्दीत त्याला लोक 'चक्कर आली' म्हणतात. काही वेळा दारू प्यायल्याचाही संशय घेतात.

अशा वेळी तो शुद्धीवर असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावे आणि नंतर खायला द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये; कुशीवर निजवून दवाखान्यात न्यावे. मधुमेहाच्या रुग्णाने गड चढण्याच्या दिवशी उपवास करू नये. करायचाच असेल तर औषधाचे प्रमाण डॉक्टरांना आधी विचारावे. देवाला जाताना खिशात साखर ठेवल्याने पुण्य कमी होत नाही.

याच्या उलट चूक रक्तदाबाचे रुग्ण करतात. काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. वाटेत सोय नसेल या भीतीने त्या दिवशीची गोळीच चुकविली जाते. बायका तर याच भीतीने सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दिवसभर लघवी तुंबवून आणि पाणी तोडून संध्याकाळी डोके दुखणे, पायांत गोळे येणे आणि दोन दिवसांनी लघवीला जळजळ होणे ही तक्रार सहलीहून परतलेल्या स्त्रियांमध्ये फार आढळते. यावर उपाय सहल ठरविणाऱ्यांच्या हाती आहे. प्रत्येक दोन तासांनी स्वच्छतागृह असलेल्या ठिकाणी गाडी थांबवावी आणि हे आधीच सर्वांना सांगून ठेवावे. म्हणजे घरातील बाईमाणूस निर्धास्तपणे पाणी पिईल.

औषधे डिकीतील बोचक्यात न ठेवता अंगावरच्या पिशवीत ठेवावीत आणि एक दिवसाची जास्त घ्यावीत. रस्ता बंद पडून मुक्काम करावा लागला तर ती उपयोगी पडतात. इन्सुलिन बंद गाडीत उन्हात ठेवू नये आणि बर्फाला चिकटवूनही ठेवू नये.

पाणी आणि खाणे

गडावरच्या टाक्यांतील पाणी थंडगार आणि नितळ दिसते. शिवनेरीवरील गंगा-जमुना टाक्यांचे पाणी शिवकाळापासून प्रसिद्ध आहे. पण नितळ पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे. पावसाळ्यात वरची घाण वाहून टाक्यांत, झऱ्यांत आणि विहिरींत उतरते. त्यातून जुलाब, विषमज्वर आणि कावीळ होते. कावीळ तर पाणी प्याल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी दिसते, त्यामुळे सहलीची आठवणही कोणाला राहत नाही. घरून उकळून गार केलेले पाणी न्यावे. माणशी किमान दोन लिटर, उन्हाळ्यात तीन. संपलेच तर स्थानिक घरातून पाणी घेऊन उकळून घ्यावे. ते शक्य नसेल तर क्लोरीनचे थेंब किंवा गोळी बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. पाणी गढूळ असेल तर आधी दुहेरी फडक्याने गाळावे, कारण गाळात क्लोरीन वाया जाते.

खाणे गरम आणि डोळ्यांसमोर तयार झालेले असावे. वाफाळती पिठलं-भाकरी ही उघड्यावर चिरून ठेवलेल्या काकडी-पेरूपेक्षा केव्हाही सुरक्षित. पावसाळ्यात रानात अळंबी उगवतात. स्थानिक माणसांना त्यांतील खाण्याजोगी कोणती हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. आपण मात्र दिसण्यावरून ओळखण्याच्या भानगडीत पडू नये. काही विषारी अळंबी यकृतावर घाला घालतात आणि उलट्या सुरू होईपर्यंत विष भिनलेले असते. अनोळखी रानफळांचेही तसेच. मुलांवर लक्ष ठेवावे.

जुलाब लागलेच तर जलसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात विरघळवून थोडी थोडी पाजावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. मीठ जास्त घालू नये, लहान मुलांना ते घातक ठरते. शौचातून रक्त पडत असेल, लघवी होईनाशी झाली असेल किंवा मूल सुस्त पडले असेल, तर सहल तेथेच संपवावी.

पाऊस, धबधबा आणि दरड

माळशेज घाटातील धबधबे रस्त्याच्या कडेलाच कोसळतात, म्हणून लोक गाडी थांबवून सरळ खाली जाऊन उभे राहतात. धबधब्याच्या पाण्याबरोबर वरून दगड येतात. डोक्यावर पडलेला मुठीएवढा दगडही जीव घेऊ शकतो. ओढ्याचे पाणी तर वरच्या डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही अचानक वाढते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. काही मिनिटांपूर्वी ते पाणी उभे राहण्याजोगे होते. वाहत्या पाण्याचा जोर गुडघ्यापर्यंतच्या पाण्यातही मोठ्या माणसाचे पाय उचलतो. पाणी गढूळ होऊ लागले, पालापाचोळा-काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा पाण्याचा आवाज वाढला, की क्षणाचा विचार न करता काठावर यावे. बुडणाऱ्याला वाचविण्यासाठी मागोमाग उड्या टाकू नयेत. दोर, साडी, काठी फेकावी.

डोंगराच्या दरडीविषयी आपल्या तालुक्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गेली. आहुप्याकडे जाताना माळीणची वाट लागते. तेथे थांबावे, नमस्कार करावा आणि मुसळधार पावसाच्या दिवसांत डोंगर कसा वागतो हे मुलांना सांगावे. सलग दोन-तीन दिवस जोराचा पाऊस झाला असेल तर डोंगरउतारालगत गाडी उभी करू नये, मुक्काम करू नये. उतारावर नव्या भेगा, कललेली झाडे वा खांब, एकाएकी गढूळ झालेला झरा, आतून येणारा गडगडाट या खुणा दिसल्या की उताराच्या रेषेतून बाजूला सरावे. अतिदक्षतेचा इशारा असलेल्या दिवशी सहलच पुढे ढकलावी. डोंगर कोठे पळून जात नाही.

पावसात भिजण्याची मौज असते, पण ओले कपडे आणि कड्यावरचा वारा यांनी अंगातील उष्णता झपाट्याने निघून जाते. मूल कुडकुडायचे थांबून गप्प व सुस्त झाले, तर ते 'दमले' असे समजू नये. ती धोक्याची खूण आहे. ओले कपडे काढून कोरडे घालावेत, पोटाशी धरावे, गरम गोड पेय द्यावे. दारूने अंग गरम होते हा गैरसमज आहे; तिने उष्णता उलट लवकर निघून जाते, आणि तोल जातो तो वेगळाच.

वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात विजेचे भय असते. वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती जवळ आहे असे समजावे. गडमाथा, एकटे झाड, तट-बुरूज सोडून खाली पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला हात लावल्याने आपल्याला शॉक बसत नाही. श्वास बंद असेल तर ताबडतोब छाती दाबण्याचा उपचार सुरू करावा.

मार्च ते मे या काळात हेच डोंगर तापतात. तेव्हा गड सकाळी लवकर चढून अकराच्या आत उतरावे. डोक्यावर टोपी, उपरणे असावे. उन्हात माणूस बरळू लागला आणि अंग तव्यासारखे तापले तर तो उष्माघात समजावा. सावलीत आणून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि तसेच गार करत करत दवाखान्यात न्यावे.

साप आणि विंचू

आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप मुख्य. फुरसे दगडांत, घोणस गवतात, तर मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते. मण्यारीचा दंश दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते. लेण्यांत, मंदिराच्या ओवरीत किंवा तंबूत मुक्काम करणाऱ्यांनी ही लक्षणे लक्षात ठेवावीत. शक्यतो खाटेवर, नाहीतर चहूबाजूंनी खोचलेल्या मच्छरदाणीत झोपावे. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये.

साप चावल्यास करावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. माणसाला धीर द्यावा. अंगठी, बांगड्या, कडे काढून घ्यावे. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाला बांधतात तसा फळीने स्थिर करावा आणि चालू न देता उचलून न्यावे. चावल्याची वेळ लिहून ठेवावी. घट्ट दोरी आवळणे, ब्लेडने चिरणे, तोंडाने विष ओढणे, मिरची किंवा कडुनिंब चाखवणे, मांत्रिकाकडे नेणे यांपैकी काहीही करू नये. कोणी आधीच घट्ट बांधले असेल तर ते दवाखान्यात पोहोचल्यावर डॉक्टरांनाच सोडू द्यावे. सापाच्या विषावर उतारा एकच, तो म्हणजे सर्पदंशावरील इंजेक्शन. ते या चारही सापांवर चालते आणि सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी याच परिसरात सर्पदंशाच्या रुग्णांसाठी वर्षानुवर्षे काम केले आहे. वेळेवर पोहोचलेला रुग्ण बहुधा वाचतो.

दगड उलटताना, चूल मांडताना विंचू चावतो. नुसत्या वेदना असतील तर भीती कमी. पण घाम, उलट्या, हातपाय गार पडणे, छातीत धडधड किंवा धाप ही लक्षणे, विशेषतः मुलांत, जिवावरची आहेत. लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन या गोळीचा उपयोग होतो हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी जगाला दाखवून दिले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते, म्हणून येथेही घाई दवाखान्याचीच.

मधमाश्या, माकडे आणि बिबट्या

गडांच्या व लेण्यांच्या कड्यांवर आग्या मोहळे असतात. अत्तर, धूर, फटाके, ढोल-ताशे, दगड यांनी ती उठतात. शिवजयंतीला शिवनेरीवर मशाली घेऊन जाणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात ठेवावे. मोहळ उठले तर हात झटकत उभे राहू नये. उपरण्याने, पदराने तोंड-डोके झाकून, मुलांना पोटाशी घेऊन दूर पळावे. पण पळताना कड्याचे भान ठेवावे. नंतर नांग्या नखाने किंवा पत्त्याने खरवडून लवकर काढाव्यात. ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, अंगभर गांधी उठणे, धाप लागणे, चक्कर येणे ही ॲलर्जीची लक्षणे आहेत. त्यासाठी मिनिटांत इंजेक्शन लागते. खूप माश्या चावल्या असतील तर बरे वाटत असले तरी दवाखान्यात दाखवावे.

देवस्थानांजवळची माकडे हातातील प्रसाद ओढतात. त्यांना खाऊ घालू नये. माकड किंवा कुत्रा चावला अथवा ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना भरू नये, आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. डॉक्टर सांगतील त्या सर्व तारखा पाळाव्यात. रेबीज एकदा झाला की त्यावर इलाज जवळपास नाहीच.

बिबट्याविषयी पाहुण्यांना जरूर सांगावे. जुन्नर वनविभागात माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते; पण बिबट्या जंगलापेक्षा आपल्या उसात जास्त राहतो हे शहरातील माणसाला माहीत नसते. परतताना अंधारात उसाच्या कडेला गाडी थांबवून लघवीला बसणे टाळावे, कारण वाकलेला किंवा बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. मुले मोठ्यांच्या मधोमध चालावीत, मागे राहू नयेत.

सोबतची पिशवी आणि मदतीची हाक

पिशवीत पुढील वस्तू असाव्यात. नेहमीची औषधे व त्यांची चिठ्ठी, जलसंजीवनीच्या पुड्या, साखर किंवा ग्लुकोज, पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन, जंतुनाशक मलम, पट्ट्या, क्रेप बँडेज, साबण, बॅटरी, शिट्टी, कोरडे कपडे आणि प्लास्टिकचा कागद. हाड मोडल्यासारखे वाटल्यास जाड घडी केलेले वर्तमानपत्र फळी म्हणून बांधता येते.

आणीबाणीत १०८ या क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका मिळते. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे. ११२ वर पोलीस व इतर मदत मिळते. फोन करताना गावाचे नाव, जवळची खूण, रुग्णाचे वय, काय झाले आणि तो शुद्धीवर आहे काय हे सांगावे. रेंज कोठे सुटते हे जाताना बघून ठेवावे. प्रसंग आल्यास एकाने रुग्णाजवळ थांबावे आणि दुसऱ्याने त्या जागेपर्यंत जावे. रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या गाडीने तिच्या दिशेने निघावे. अशा वेळी तेथील वाडी-वस्तीवरचा माणूसच प्रथम धावून येतो. वाट, ओढा आणि डोंगर त्याला ठाऊक असतात. 'वर जाऊ नका' असे तो म्हणाला तर ते ऐकावे.

थोडक्यात सांगायचे तर, निघताना घरी दोन माणसांना कोठे जातो आणि केव्हा परतू हे सांगून निघावे. दिवस मावळायच्या आत घाट उतरावा. आणि कोणाला बरे वाटेनासे झाले तर सगळ्यांनी मिळून परत फिरावे. एकाला गाडीत झोपवून बाकीच्यांनी दर्शन आटोपून येणे ही चूक फार घरांना महागात पडली आहे. राहिलेले दर्शन पुढच्या श्रावणात घडेल.